पणजी–रायबंदरचा पूल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा आक्षेप असा, की पणजी–रायबंदर रस्त्यावरचा ‘पोन्ते द लिन्यारेस’ हा पूल नाहीच, दलदलीत टाकलेला भराव आहे. आणि मांडवीवर अटल सेतू दिमाखात उभा असताना मी पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या बांधाचे, म्हणजे गुलामीच्या खुणेचे, गोडवे गातो.

नुसता भराव असता तर मी त्यावर ओळही लिहिली नसती. ओहोटीच्या वेळी कडेला थांबून खाली बघा. चिऱ्यांच्या बांधकामात कमानी ठेवल्या आहेत आणि त्यांतून खाडीचं गढूळ पाणी नदीकडे ओढलं जाताना दिसतं. भरती लागली की तेच पाणी उलटं आत शिरतं. सुमारे तीन किलोमीटरची सलग भिंत घातली असती तर हे येणं-जाणंच तुटलं असतं, आणि त्याच पाण्यावर तिथली मिठागरं आणि कांदळवन जगतं. १६३३-३४ मध्ये बांधणाऱ्यांनी पाण्याची वाट अडवली नाही, म्हणून त्यावरून आजही वाहतूक चालते. म्हणूनच कमानींच्या तोंडाशी साचणारा गाळ आणि कचरा दरवर्षी निघाला पाहिजे, असा आग्रह मी लेखात धरला होता, आणि तो कायम आहे.

गुलामीचं म्हणाल, तर पुलाला व्हाइसरॉयचं नाव आहे हे खरं. पण चिरा गोव्याच्या मातीतला आहे. आणि मांडवीकाठचा जुन्या सचिवालयाचा वाडा घ्या: मूळचा आदिलशहाचा, १७५९ पासून व्हाइसरॉयचं निवासस्थान, आणि गोवा मुक्तीनंतर आपल्या विधानसभेची जागा. तो कोणाची खूण म्हणायचा? मी तरी तो पणजीचा म्हणतो, आणि पूलही.

अटल सेतूवर जरूर लिहीन. २०१९ मध्ये खुला झालेला हा सुमारे पाच किलोमीटरचा पूल अभिमानाचाच आहे. पण त्या लेखात आधी १९७० साली बांधलेल्या मांडवी पुलाची हकीकत येईल. खाऱ्या हवेत काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या आणि ५ जुलै १९८६ रोजी तो पूल कोसळला. ऐन पावसाळ्यात सगळा भार पणजी–बेती फेरीबोटींवर आला. शेजारी नवा पूल व्हायला १९९२ उजाडलं.