पाहुण्याच्या हातात माईक

साताऱ्याच्या आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर चार दिवस झाले एकच भांडण चाललंय आणि काडी मीच लावली. काही नाही, 2022 च्या जूनमध्ये इकडं लंडनच्या ओ-टू हॉलला क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा शो बघितला होता त्याचा दीड मिनिटाचा व्हिडिओ फोन साफ करताना सापडला, तो टाकला. झालं. फ्रेडी मर्क्युरी हा त्यांचा गायक 1991 ला गेला, आता त्याच्या जागी ॲडम लॅम्बर्ट गातो. आमच्या ऑर्केस्ट्रातला ऑक्टोपॅडवाला लगेच उगवला, "फ्रेडी गेला तिथंच क्वीन संपली. मेलेल्या माणसाच्या नावावर अजून किती दिवस जेवणार ही म्हातारी?" त्यावर सतरा अंगठे. आणि मग एकेक, आपल्या पाचगणीचा फ्रेडी, आपला फ्रेडी, वगैरे वगैरे.

आपला कधीपासून झाला रे? आपण सगळे सहलीला पाचगणीला जायचो तेव्हा टेबललँडवर घोडे, मॅप्रोचं सरबत आणि परत येताना पसरणी घाटात दोघातिघांच्या उलट्या, एवढंच होतं. सेंट पीटर्स शाळेच्या गेटसमोरून किती वेळा गेलो असू, एका मास्तरानं तरी सांगितलं का की इथं झांझिबारहून आलेला फारुख बुलसारा नावाचा पोरगा, म्हणजे हाच फ्रेडी, पियानो शिकला? 2018 ला त्याच्यावर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पिक्चर आला आणि सगळे रातोरात वारसदार झाले.

बरं, पाचगणीचाच अभिमान आहे तर पूर्ण घ्या ना. 1958 ला शाळेत पोरांनी हेक्टिक्स नावाचा बँड काढला त्यात मेन गायक दुसराच मुलगा होता, फ्रेडी मागं पियानोवर. पुढं लंडनमध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलरचा स्माईल म्हणून बँड होता, त्याचा गायक टिम स्टाफेल 1970 ला सोडून गेला आणि त्याच्या रिकाम्या जागी फ्रेडी आला, आणि आल्या आल्या बँडचं नावच बदलून क्वीन करून टाकलं! म्हणजे ज्याच्या जागेवर कुणी उभं राहू नये म्हणून तुम्ही भांडताय तो स्वतः दुसऱ्याच्या जागेवर आलेला. हे टाकल्यावर ग्रुप तासभर गप्प होता, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

ॲडम लॅम्बर्ट काय आकाशातून पडला नाही. 2009 ला अमेरिकन आयडॉल या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेच्या फायनलला मे आणि टेलर त्याच्याबरोबर वाजवायला आले होते, तिथं तो दुसरा आला, आणि 2012 पासून त्यांच्याबरोबर पूर्ण शो करतोय. त्याच्या आधी 2004 ते 2009 पॉल रॉजर्स होता. पण पोस्टरवर दोघांच्याही वेळी क्वीन, मग अधिकचं चिन्ह, मग गायकाचं नाव. त्या एका चिन्हात सगळं आलं की, हा आमच्यातला नाही, आमच्याबरोबर आहे. लॅम्बर्ट स्टेजवर स्वतःच सांगून टाकतो की फ्रेडी एकच. एका गाण्याला तर तो आत निघून जातो, ब्रायन मे एकटा गिटार घेऊन पुढं बसतो आणि शेवटच्या ओळींना मागच्या स्क्रीनवर फ्रेडी येतो. माझ्या शेजारी एक बाई होती, साठीची असेल, 1986 च्या टूरचा विरलेला टीशर्ट घातलेला, ती त्या वेळी रडली आणि पुढच्याच गाण्याला लॅम्बर्टसाठी खुर्चीवर उभी राहिली. इकडच्या लोकांना हे जमतं. आपल्याकडं एकतर देव्हाऱ्यात नाहीतर उकिरड्यावर. (क्वीनचा बास गिटारवाला जॉन डीकन 1997 नंतर यातून बाजूला झाला तो झालाच, हे ऑक्टोपॅडवाल्यानं बरोब्बर काढलं. असो.)

आणि आपल्याकडं तरी पूर्वी हे जमायचंच की. माझं आजोळ मिरज. नाटकात बाईची कामं करणारे गायक नट भाऊराव कोल्हटकर 1901 ला गेले तेव्हा त्यांची किर्लोस्कर नाटक मंडळी आता बसली असंच लोक म्हणत असणार, शकुंतला म्हणजे भाऊराव. आणि 1905 ला त्याच मिरजेत सतरा वर्षांचा नारायण राजहंस शकुंतला म्हणून उभा राहिला, तो बालगंधर्व. तेव्हा मिरजकर म्हणाले असते की जागा रिकामी ठेवा, तर?

मी लंडनच्या फेल्टमला राहतो. फ्रेडीचं कुटुंब 1964 ला झांझिबार सोडून आलं ते इथंच, त्या घरावर 2016 पासून निळी पाटी आहे, नामवंत माणसांच्या घरावर लावतात ती, माझी 285 नंबरची बस त्याच भागातून जाते. तो पोरगा हीथ्रोवर बॅगा उचलायचा. मीही हीथ्रोलाच आहे, बॅगांच्याच सॉफ्टवेअरवर. एवढंच साम्य, उगाच जास्त ताणत नाही.

पण एवढं का लागलं मला हे सांगतो. त्या ऑक्टोपॅडवाल्याच्या ऑर्केस्ट्रात सहा वर्षं मी गायचो. किशोरकुमार माझा. गणपतीत दहा दिवसांत बारा कार्यक्रम, शाहू कलामंदिरला एकदा वन्समोअर घेतलेला. 2007 ला इकडं आलो आणि पंधराव्या दिवशी माझ्या जागी कोरेगावचा एक पोरगा उभा होता. पंधराव्या! फ्रेडीसाठी गळा काढणाऱ्या याच माणसानं उभा केला, आणि मी तर जिवंत होतो. त्या पोराचं मी कधी कौतुक केलं नाही. रेकॉर्डिंग आलं की चुका शोधायचो, इथं बेसूर, तिथं शब्द खाल्ला.

मागच्या वेळी गणपतीत गेलो तर माईकवरून अनाउन्स केलं, लंडनहून आलेले आपले खास पाहुणे. पाहुणे! राजवाड्यापासून दोन गल्ल्या सोडून माझं घर. चढलो स्टेजवर. मुखडा घेतला तर पट्टी भलतीच वर, अंतऱ्याला आवाज फाटणार हे दिसतच होतं. मागं वळून म्हटलं, अरे, काळी एकला घ्या की, माझी तीच होती. ऑक्टोपॅडवाला हसत म्हणाला, "आता सगळं त्याच्या पट्टीला बसवलंय लका, तू म्हण तसंच."

तो कोरेगावचा विंगेत उभा होता. दुसरा माईक घेऊन आला आणि अंतऱ्यातला वरचा भाग माझ्याबरोबर म्हणाला, हळू आवाजात, माझा फाटलेला कुणाला कळू नये एवढ्यापुरता.

हे ग्रुपवर अजून टाकलेलं नाही.