‘मॅम, किती लोक आणाल?’

एका कॅफेवाल्याकडे गाण्याच्या कार्यक्रमासाठी तारीख मागून 17 दिवस झाले. मेसेज पोचलाय, वाचलाय, ब्लू टिक दिसतायत आणि उत्तर नाही. मधल्या काळात त्याच माणसानं आपल्या कॅफेतल्या कसल्याशा वितळलेल्या चीजचे तीन व्हिडिओ स्टेटसला टाकले, म्हणजे फोन हरवलेला नाही आणि बोटंही शाबूत आहेत. मला होकारच हवाय असं नाही हो. ‘नाही’ म्हणा. दोन अक्षरं. मी पुढच्या दारात जाईन. पण नाही म्हणायला यांची जीभ रेटत नाही, आणि हो म्हणायला गल्ला.

मी पुण्यात राहते, मराठीत गाणी लिहिते, चाली लावते आणि गिटार घेऊन गाते. सोबत तिघं आहेत, ड्रम्स, बेस आणि की-बोर्ड. आमच्या आईच्या भाषेत ‘हिचं ते बँडपथक’. गाणी बसवणं हा या धंद्यातला सगळ्यात सोपा भाग आहे हे मला कोणी आधी सांगितलं नाही. खरं काम तारीख मिळवणं. महिन्यातले दहा-बारा दिवस मी फक्त मेसेज टाकते, फोन करते, लिंका पाठवते, त्याच लिंका परत पाठवते, कारण ‘मॅम, जरा पुन्हा पाठवा ना, वर गेलं चॅट’.

आणि सगळ्यातून पार होऊन कोणी फोन उचललाच, तर पहिला प्रश्न काय? गाणी कसली? नाही. किती वेळ गाता? नाही. पैसे किती? छे.

‘मॅम, किती लोक आणाल?’

अरे, मी आणायची? हॉटेल तुझं, पाटी तुझी, बिअर तुझी, रस्त्यावरून जाणारं गिऱ्हाईक आत ओढायचं काम तुझं. आचाऱ्याला कामावर ठेवताना विचारतोस का, की बाबा, जेवायला किती माणसं घेऊन येशील? पण गाणाऱ्यानं मात्र स्वतःची गर्दी डब्यात भरून आणायची. पहिल्या शोला आणली मी. 40 माणसं. दोन मावश्या, शाळेतल्या मैत्रिणी, बेसवाल्याचं अख्खं ऑफिस. दुसऱ्या शोला 31. तिसऱ्याला आत्या म्हणाली, ‘अगं, तीच गाणी ना? मग घरी ये, घरी ऐकव.’ तिचंही बरोबर आहे. तिनं त्या दिवशी 300 रुपयांचं तिकीट काढलं होतं आणि वर 240 रुपयांचं लिंबू सरबत प्यायली होती. प्रत्येक सणाला ते सरबत निघतंच.

दुसरा प्रश्न फॉलोअर्स किती. तिसरा प्रश्न हिंदीत येतो, आणि हे पुण्यात, डेक्कनपासून चालत जाण्याच्या अंतरावर: ‘मॅम, मराठीवाला क्राउड नहीं आता हमारे यहाँ. कव्हर्स करती हैं क्या?’ म्हणजे दुसऱ्यांची गाणी. म्हणजे जी गाणी मी नसताना त्यांच्या स्पीकरवर दिवसभर वाजतात तीच, फक्त माझ्या घशातून. मराठी क्राउड येत नाही म्हणे. समोर पार्किंगवरून ज्या भाषेत भांडणं चालू असतात ती कुठली मग?

मागच्या एप्रिलची गोष्ट सांगते. शो 8 वाजता. आम्ही 5 ला सामान घेऊन हजर, कारण साउंडचेक 5.30 ला असं ठरलेलं. साउंडवाला आला 7.15 ला. मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून स्टेजवर ठेवतात तो स्पीकर, एकच, तोही ड्रमच्या पायाशी खरखरत होता. गिटार साउंडला जोडायचा डीआय बॉक्स ‘था, कल ही कोई ले गया’. बरं. 8 वाजले, माणसं बसली. आणि मागच्या भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर आयपीएलची मॅच. मॅनेजर म्हणाला, पाच मिनिटं मॅम, ही इनिंग संपू दे. ती इनिंग 9.10 ला संपली. आमची माणसं तोपर्यंत दुसऱ्या कोणाच्या तरी चौकार-षटकारांना टाळ्या वाजवून दमली होती. आणि 9.55 ला तोच मॅनेजर स्टेजसमोर उभा राहून मनगटावर बोट आपटतोय. कारण गच्ची उघडी, आणि रात्री 10 नंतर उघड्यावर स्पीकर बंद. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत तसं आहेच, मला तो नियम मान्यही आहे. आजारी माणसं असतात, परीक्षा असतात. (वर्षातले 15 दिवस सरकार 12 पर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस कोणाच्या वाट्याला जातात ते गणपतीत खिडकी उघडली की कळतं.) पण मॅचच्या वेळी आवाज फुटेपर्यंत लावलेला स्पीकर आणि माझ्या सातव्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात ओढलेली पिन, यात काही लाज?

आता हिशोब. 62 तिकिटं गेली, 300 ची. झाले 18,600. त्यातले पहिले 10,000 कॅफेचे, कारण ‘मिनिमम गॅरंटी’. ही गॅरंटी आम्ही त्यांना द्यायची, ते आम्हाला नाही, हे लक्षात घ्या. मग साउंडवाल्याचे 3,500, तोच तो सव्वासातवाला. उरले 5,100, त्यातले 70 टक्के आमचे, 3,570. त्यावर 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापला. वर्षाची रक्कम 50,000 च्या आत असेल तर कापायचा नसतो असं आमच्या सीएनं सांगितलं, मी मॅनेजरला सांगितलं, मॅनेजर म्हणाला ‘अकाउंट्सशी बोला’. अकाउंट्स म्हणजे कोण ते आजतागायत दिसलेलं नाही, आणि कापलेले 357 रुपयेही माझ्या आयकराच्या खात्यावर कुठे दिसलेले नाहीत. हातात 3,213. प्रॅक्टिसची खोली तासाला 400, दोन-दोन तास चार वेळा, 3,200.

13 रुपये. टेम्पोचं भाडं अजून धरलेलंच नाही. त्या रात्री 62 माणसांनी खाल्लं-प्यायलं त्याचं बिल किती झालं हे मला कोणी सांगितलं नाही, आणि ते वाटणीतही नव्हतं.

आणखी एक, हे तर ऐकाच. एका ठिकाणी कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी फोन. ‘मॅम, गाण्यांचं एनओसी लागेल. पीपीएल, आयपीआरएस, जे काय असेल ते.’ मी म्हटलं, पीपीएल रेकॉर्ड वाजवण्यासाठी असतं, मी रेकॉर्ड वाजवत नाही, गाते. आयपीआरएस गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचं बघते, तिथे मी सभासद नाही, आणि ही सगळी गाणी माझीच आहेत, शब्दही आणि चालही. ‘हो मॅम, पण परवानगी लागेल.’ कोणाची? ‘गाण्याच्या मालकाची.’ शेवटी मी कागद घेतला आणि लिहिलं की मी, अमुक तमुक, माझी गाणी गाण्यासाठी मला परवानगी देत आहे. खाली सही. वर प्रति म्हणून माझंच नाव. तो कागद त्यांनी फाइलला लावला आणि ‘थँक यू मॅम, आता ओके’ म्हणाले. चेष्टा नाही, खरंच लावला.

कंपन्यांचे कार्यक्रम तर सोडूनच द्या. तिथे जीएसटी नंबरशिवाय व्हेंडर म्हणून नोंदच होत नाही. 20 लाखांच्या आत उलाढाल असेल तर सेवा देणाऱ्याला नंबर घ्यावा लागत नाही, हे सांगून उपयोग शून्य, सिस्टिम पुढेच सरकत नाही. सीएनं मध्ये एक आशा दाखवली होती. लोककला किंवा शास्त्रीय प्रकारात गाणाऱ्या कलाकाराला एका कार्यक्रमाचे दीड लाखांपर्यंत मानधन असेल तर त्यावर जीएसटी नाही. ‘तुझं लोकसंगीत आहे का शास्त्रीय?’ म्हटलं, दोन्ही नाही, माझं माझं आहे. तो बराच वेळ गप्प बसला.

मग लोक सांगतात, कॅफे सोड, नाट्यगृहात कर. करते ना! महापालिकेच्या नाट्यगृहात शनिवार-रविवारच्या तारखा महिनोन्महिने आधी वाटून झालेल्या असतात, नाटकवाल्यांचाच तिथे जीव टांगणीला, तिथे मला कोण विचारतंय. मिळतो तो मंगळवार दुपार. दिवाळी पहाटवाल्यांकडेही गेले होते. साहेबांचा फ्लेक्स स्टेजपेक्षा मोठा, बजेटही बरं. संयोजक काका अत्यंत प्रेमानं म्हणाले, ‘बाळ, आवाज छान आहे तुझा. जुनी भावगीतं घे बारा-तेरा, मधे तुझं एखादं घाल. लोकांना कळणार नाही.’ लोकांना कळणार नाही! म्हणजे माझं गाणं चोरून, पोळीत पुरण भरल्यासारखं भरायचं.

माझा मामा जुन्नर तालुक्यातला, गावच्या यात्रा कमिटीत आहे. गुढीपाडव्याच्या सुमाराला हे लोक नारायणगावला जातात. तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, गावोगावचे पुढारी या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, घासाघीस होते, तारीख ठरते, सुपारी म्हणजे कार्यक्रमाची रक्कम ठरते, विसार म्हणजे आगाऊ पैसे हातात पडतात. त्याला मी माझी रडकथा सांगितली तर त्याला आधी समजेचना.

‘सुपारी कितीला ठरली व्हती?’
‘ठरली नव्हती मामा. तिकिटावर होतं.’
‘मंग इसार किती दिला त्यांनी?’
‘नाही दिला.’
‘आगं, मंग तू गेलीस कशाला?’

यावर काय बोलणार. फडवाल्यांचं सगळं सोन्याचं चाललंय असं मी म्हणत नाही. डोक्यावर कर्ज असतं, कोरोनात 2020 आणि 21 असे यात्रांचे दोन हंगाम सरळ बुडाले. पण गावानं बोलावलं तर गाव पैसे मोजतं. माणसं जमवायची जबाबदारी यात्रेची असते, नाचणारीची नाही. ‘बाई, तुम्ही किती लोक आणाल’ असं राहुटीत विचारलं तर विचारणारा धडपणे बाहेर येईल का?

कॅफेवाल्यांचंही भाडं असतं, लाइटबिल असतं, मला कळतं. रिकाम्या खुर्च्या कोणालाच नकोत. मग तोटा अर्धा-अर्धा वाटा ना. सरबताचाही वाटा द्या मग.

काल रात्री आमच्या ड्रमरचा फोन आला. ‘ताई, ती शनिवारची तारीख झाली का कन्फर्म? मला एका लग्नात संगीतला बोलावतायत. आठ हजार देतायत, पाच ॲडव्हान्स आत्ता टाकतो म्हणाले.’ मी फोन कानाचा काढून चॅट उघडलं. ब्लू टिक. स्टेटसला नवीन चीज.

‘जा तू,’ म्हटलं.