चादर, एक नग

गेल्या मंगळवारी सकाळी सव्वानऊला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या चादरीचा फोटो पडला. खाली मजकूर : "फ्लॅट 203. गॅलरीच्या कठड्यावर वाळवण. ठराव भंग. दंड रु. 200. आदेशावरून." त्याखाली अकरा अंगठे. त्यातला तिसरा अंगठा आमच्या हिचा. विचारलं तर म्हणाली, "मी वाचलं नाही ओ, सगळे देत होते म्हणून दिला."

सोलापुरात, कठड्यावर चादर टाकली म्हणून दंड! 1930 च्या मे महिन्यात इंग्रजांनी या गावात मार्शल लॉ लावला होता. झेंडा घेऊन फिरणाऱ्याला तुरुंगात टाकत होते, पण चादर वाळत घालणाऱ्याला धरल्याचं काही ऐकिवात नाही.

आता नियम कुणी केला, हेही सांगून टाकतो, नाहीतर शेजारीपाजारी सांगतीलच. वार्षिक सभा कायद्यानं 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सभेची वेळ दहाची. कोरम नाही म्हणून ती अर्धा तास तहकूब होते आणि साडेदहाला जे हजर असतील तोच कोरम. त्यामुळे आमच्याकडचे शहाणे लोक साडेदहालाच येतात आणि अतिशहाणे येतच नाहीत. मी दोन्हींत बसत नाही, मी पावणेदहाला जातो. विषय क्रमांक सात होता 'इमारतीचे सौंदर्य व एकरूपता'. तोवर चहा आला होता, सोबत खारी. चेअरमन म्हणाले, अनुमोदक कोण? खारी तोंडात होती म्हणून मी नुसता हात वर केला. इतिवृत्तात आजही आहे. सूचक : चेअरमन. अनुमोदक : मी.

तरीही चादरीचा फोटो काढून गावभर दाखवायचा म्हणजे अति झालं. म्हणून ऑफिसात गेलो. ऑफिस म्हणजे जिन्याखालची मीटरशेजारची खोली. आत चेअरमन, ते बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे आपल्याकडे बघताना काचेपलीकडून बघितल्यासारखे बघतात. सेक्रेटरी पावतीपुस्तक घेऊन. आणि कोपऱ्यात तळमजल्यावरचे अण्णा. अण्णांचा कमिटीशी काही संबंध नाही. ऑफिसातला पंखा त्यांच्या घरातल्या पंख्यापेक्षा जोरात फिरतो, एवढाच. एप्रिल महिना, बाहेर त्रेचाळीस, कोण कशाला उठेल.

मी म्हणालो, "चादर ओली नव्हती, नुसती उन्हात टाकली होती. ढेकूण होऊ नयेत म्हणून."

"म्हणजे ढेकूण आहेत?" चेअरमननी लगेच वहीत काहीतरी लिहिलं.

"नाहीत. होऊ नयेत म्हणून."

"ठरावात ओलं-कोरडं असा भेद नाही."

इथपर्यंत ठीक होतं. सोसायटीत राहायचं म्हणजे असली भाषा ऐकायची तयारी ठेवावीच लागते. पण तेवढ्यात अण्णांनी हात पुढं केला. "फोटो दावा की बघू."

सेक्रेटरींनी मोबाईल दिला. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, मग आणखी मोठा केला. पडद्यावर आता चादरीचा फक्त एक कोपरा उरला, त्यात मोराची अर्धी मान. चाळीस वर्षं मागावर काढलेला माणूस. लोक छातीचा एक्सरे बघतात तसा त्यांनी तो कोपरा बघितला. खोलीत शांतता. पंखासुद्धा हळू झाल्यासारखा वाटला.

"ही सोलापुरी न्हवं."

"काय?"

"पानिपत हाय ही."

मी म्हणालो, "अण्णा, सोलापुरीच आहे. घरात दहा वर्षं वापरतोय."

"धा वर्षं वापरलं म्हणून काय पानिपतचं सोलापूर हुतंय व्हय? ह्ये बघा." त्यांनी मोराच्या मानेवर नख ठेवलं. "सोलापुरीला दोन्ही अंगानं डिझाईन उठतंय. इकडं लाल मोर असला तर उलटा करा, पांढरा मोर दिसतोय. दुहेरी वीण असती ती. जकार्डवर काढत्यात, नक्षी विणायच्या मागावर. ह्यो मोर बघा, वाऱ्यानं कोपरा उलटलाय न्हवं का, मागनं नुसतं भुरकट. मागनं मोर न्हाईच."

सेक्रेटरी वाकून बघायला लागले. चेअरमनसुद्धा. दंड, ठराव, ढेकूण सगळं बाजूला पडलं आणि तिघं मिळून माझ्या मोराची पाठ तपासायला लागले.

"वजन किती भरतंय?" अण्णांनी विचारलं.

चादरीचं वजन मला ठाऊक नव्हतं. माझं स्वतःचंही मी नीट सांगत नाही.

"बघा," अण्णा चेअरमनना म्हणाले, "वजन म्हाईत न्हाई. कुठनं घेतली?"

तेही ठाऊक नव्हतं. अण्णांनी मोबाईल परत दिला आणि असा सुस्कारा सोडला की मला वाटलं, चादर गेली. "आमच्या डोळ्यांदेखत बाजारात पानिपतचा माल सोलापुरी म्हणून विकायलेत, आन् गावातलीच माणसं घ्यायलेत. दंड दोनशे कमीच हाय."

हे ऐकून चेअरमनच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच विचार दिसला. दंड वाढवता येतो का, असा तो विचार होता.

अण्णांचं दुःख खोटं नाही, हे कबूल करतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे सरकारदरबारी नाव आपलं. दुकानात स्वस्त माल शेजारी ठेवला की हात तिकडंच जातो. माझाही गेला असणार. पण हे ऐकवायला जिन्याखालची खोली आणि दंडाची वेळच मिळाली होती का?

घरी येऊन हिला विचारलं. "लेबल होतं की," ती म्हणाली. "धुऊन धुऊन गेलं." कुठलं लेबल होतं, यावर ती आमटी ढवळायला लागली.

सोसायटी सोडावी, असं त्या रात्री मनात आलं. आधी आम्ही पेठेत भाड्यानं राहायचो. तिथं अंगणात दोरी होती, आणि तिच्यावर माझा लेंगा, शेजाऱ्याचं धोतर, घरमालकिणीची नऊवारी असा सर्वधर्मसमभाव वाळत असायचा. पण तिथं पाणीही होतं. म्हणजे नव्हतं. उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटर पाईपातून येतं आणि गावात आलं की दमून चार-पाच दिवसांनी एकेका भागाला तोंड दाखवतं. तेही कधी? रात्री दोनला. "पाणी सुटलंऽऽ" अशी हाक आली की मी लुंगी सावरत हंडा-कळशी घेऊन नळावर. मुलगी झाली त्या रात्रीसुद्धा पाण्याची पाळी होती. दवाखान्यात मी पोचलो ते पिंप भरूनच. हे आमची ही अजून विसरलेली नाही.

इथं जुळे सोलापूर नावाच्या भागात पाणी सुटतं तेव्हा वॉचमन उठतो. व्हॉल्व्ह तो फिरवतो, खालची टाकी तो भरतो, मोटार तो चालू करतो. मी झोपलेला असतो. उन्हाळ्यात बोअर आटली की टँकर सोसायटी मागवते, भांडण सोसायटी करते. या एका झोपेसाठी मी महिन्याला सेवा शुल्क भरतो, दुरुस्ती निधी भरतो, आणि सिंकिंग फंडही भरतो, म्हणजे पुढंमागं इमारतीच्या मोठ्या कामासाठी साठवायचा पैसा. बांधकाम खर्चाच्या निदान पाव टक्का दरसाल. नावातच बुडणं आहे, तरी बिनबोभाट भरतो.

पण मग नियम सगळ्यांना सारखा पाहिजे की नको? चेअरमनच्या एसीचं पाणी गेले तेरा महिने नेमकं माझ्या स्कूटरच्या सीटवर ठिबकतं. मी रोज ओल्या पार्श्वभागानं ऑफिसात जातो. लोक आधी हसायचे, आता विचारतही नाहीत. दोनदा लेखी तक्रार दिली. उत्तर : "विषय पुढील सभेत." त्या थेंबांचा फोटो मी ग्रुपवर टाकला, तर एकही अंगठा नाही. हिचासुद्धा नाही. त्या वेळी मात्र तिनं वाचलं होतं.

शेवटी दोनशे रुपये भरले. भांडून काय करणार, टाकीची किल्ली त्यांच्याकडे. सेक्रेटरींनी पावती फाडून दिली. घरी येऊन चष्मा लावून वाचली. 'तपशील : चादर, एक नग (पानिपत).'

तसाच परत खाली गेलो. म्हणालो, कंसातलं खोडा. सेक्रेटरी म्हणाले, पावतीत खाडाखोड चालत नाही. शिवाय कमिटीच्या इतिवृत्तातही तसंच लिहून झालंय, अण्णांचं तज्ज्ञ मत म्हणून. दुरुस्ती हवी असेल तर अर्ज द्या. दोन प्रतींत. सोबत चादर जोडा.

अर्ज लिहून तयार आहे. चादर धुवायला टाकली आहे. ती वाळवायची कुठं, हे अजून ठरलेलं नाही.