वेग वाढवून कंजेशन जात नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘स्टोरेजसाठी स्विच निवडताना’ या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. लगेच उत्तर दिले नाही, कारण वाचून डोके तापले होते आणि तापलेल्या डोक्याने लिहिलेले मागे घेता येत नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डेटा सेंटरमध्ये स्टोरेज नेटवर्कसाठी स्विच घेताना पोर्टच्या वेगापासून सुरुवात करू नका, असे मी म्हटले होते. पलीकडचा सर्व्हर डेटा उचलेनासा झाला आणि कंजेशन, म्हणजे डेटाची कोंडी, झाली तर स्विच काय करतो, आणि ते तुम्हाला दिसते का, हे आधी विचारा. त्यावर आपण लिहिले : ‘ही विक्रेत्यांची भाषा आहे. १०० जी इथरनेटच्या जमान्यात बफर आणि क्रेडिटची चर्चा कालबाह्य आहे. वेग पुरेसा असला की कंजेशन उरतच नाही. प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाने असे लिहिले नसते.’ (१०० जी म्हणजे सेकंदाला १०० गिगाबिट. बफर म्हणजे स्विचमधली डेटा तात्पुरता ठेवायची जागा, आणि क्रेडिट म्हणजे डेटाचा पुढचा तुकडा पाठवायची परवानगी.) त्याखाली लायसन्स, दोन कंपन्यांची मक्तेदारी, ऑटोमेशन, जुन्या केबली, असे बरेच काही आहे.

आधी भाषेबद्दल बोलतो, कारण खटकली ती भाषाच. लेखात मी एकाही मॉडेलची शिफारस केलेली नाही. फायबर चॅनलचे, म्हणजे मुख्यतः स्टोरेजसाठी असलेल्या नेटवर्कचे, स्विच आज मुख्यतः ब्रोकेड आणि सिस्को एमडीएस या दोनच घराण्यांतून येतात, आणि ब्रोकेड २०१७ पासून ब्रॉडकॉमकडे आहे, एवढी वस्तुस्थिती नोंदवली होती. तिला जाहिरात म्हणायचे असेल तर बाजाराबद्दल एक वाक्यही लिहिता येणार नाही. मत पटले नाही तर खुशाल खोडून काढा, मला आनंदच होईल. पण लिहिणारा कुणाच्या तरी खिशात आहे असे सुचवायचे असेल तर पुरावा द्यावा लागतो. तो आपण दिला नाही. टोपणनावाआडून आरोप करायला काही लागत नाही. मी माझ्या नावाने लिहितो.

एक गोष्ट मान्य करतो. लायसन्सचा विषय मी एका ओळीत उरकला होता. पोर्ट-ऑन-डिमांड (बंद पोर्ट पैसे भरून सुरू करणे), ट्रंकिंग (अनेक लिंक एकत्र बांधणे), मॉनिटरिंग अशा गोष्टींचे पैसे वेगळे लागू शकतात आणि स्विच घेताना ते कोटेशनच्या शेवटच्या पानावर सापडतात. त्यावर जास्त लिहायला हवे होते. तो मुद्दा आपला.

आता ते वाक्य. ‘वेग पुरेसा असला की कंजेशन उरतच नाही.’

कंजेशन वेग कमी असल्याने होते हा समजच मुळात चुकीचा आहे. देणारा आणि घेणारा यांच्यातल्या तफावतीमुळे ते होते, आणि एका टोकाचा वेग वाढवला की तफावत वाढते. आपलेच १०० जी घेऊ. अ‍ॅरे म्हणजे डेटा साठवणारी डिस्कची पेटी. अ‍ॅरेचा पोर्ट १०० जी, सर्व्हरचा २५ जी. सर्व्हरने मोठे रीड मागितले की अ‍ॅरे पूर्ण वेगाने ओतू लागतो. दर सेकंदाला ७५ गिगाबिट, म्हणजे सुमारे ९.४ गिगाबाइट, स्विचमध्ये साचत जाते. डेटा सेंटरमध्ये सर्रास दिसणाऱ्या ट्रायडेंट ३ चिपमध्ये एकूण बफर ३२ मेगाबाइट. तो सगळा एकाच पोर्टला दिला असे धरले, जे प्रत्यक्षात होत नाही, तरी साडेतीन मिलिसेकंदांत भरतो. त्यापुढे पॅकेट टाकून द्यायचे किंवा मागच्याला थांबवायचे, असे दोनच मार्ग उरतात.

एनव्हीएमई ओव्हर टीसीपीमध्ये, म्हणजे साध्या इथरनेटवरून स्टोरेज चालवण्याच्या पद्धतीत, पॅकेट टाकले जाते आणि टीसीपी ते पुन्हा पाठवतो. बहुतेक वेळा हे पटकन होते. पण बर्स्टच्या (एकदम आलेल्या झोताच्या) शेपटाकडचे पॅकेट हरवले आणि टाइमर संपेपर्यंत थांबायची वेळ आली, तर लिनक्समध्ये त्या टाइमरची किमान मर्यादा साधारण २०० मिलिसेकंद असते. ज्या फ्लॅश अ‍ॅरेकडून एका मिलिसेकंदाच्या आत उत्तराची अपेक्षा असते तिथे २०० मिलिसेकंद म्हणजे डेटाबेसवाल्याचा फोन आलाच. आरओसीईचा, म्हणजे इथरनेटवरून एका मशीनच्या मेमरीतून थेट दुसऱ्याच्या मेमरीत डेटा नेण्याच्या पद्धतीचा, मार्ग दुसरा. तिथे पीएफसीने, म्हणजे आयईईई ८०२.१क्यूबीबी या मानकातल्या ‘थांबा’ संदेशाने (पॉझ फ्रेमने), मागच्याला थांबवले जाते. मागचा थांबला की त्याच्या मागचाही थांबतो आणि ज्यांचा काही संबंध नाही असे सर्व्हरही त्याच रांगेत अडकतात. हे होत नसते तर स्विच बनवणाऱ्यांनी पीएफसी वॉचडॉग नावाची, अशी कोंडी ओळखून तोडणारी, सोय केलीच नसती.

फायबर चॅनलमध्ये याच गोष्टीला बफर क्रेडिट म्हणतात. समोरच्याने आर-रेडी पाठवून क्रेडिट परत दिल्याशिवाय पुढची फ्रेम निघत नाही. म्हणून फ्रेम सहसा हरवत नाही, पण एका सुस्त होस्टमुळे (सर्व्हरमुळे) अख्खी फॅब्रिक (स्विचचे जाळे) रेंगाळू शकते. आम्ही त्याला स्लो ड्रेन म्हणतो. म्हणजे नियम तिन्हीकडे तोच आहे, फक्त त्याची किंमत वेगवेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. आपण ज्याला कालबाह्य म्हणता तो प्रश्न इथरनेटवर गेल्याने सुटत नाही. तो टीसीपीच्या टाइमरमध्ये किंवा पीएफसीच्या पॉझ फ्रेममध्ये जाऊन बसतो.

‘प्रत्यक्ष काम केलेला माणूस’ हे वाक्य मी विसरणार नाही, म्हणून एक प्रसंग सांगतो. संस्थेचे नाव सांगणार नाही. रोज रात्री ठरावीक वेळी मुख्य डेटाबेसची लेटन्सी (उत्तराला लागणारा वेळ) वर जायची. अ‍ॅरेवर सगळे हिरवे, सर्व्हरचा सीपीयू मोकळा. दोन स्विचना जोडणाऱ्या आयएसएलवर वापर निम्म्याहून कमी. तरीही बैठकीत अगदी आपलाच युक्तिवाद झाला : लिंक वाढवा. मी विरोध केला, पण लिंक वाढवली गेली आणि काडीचाही फरक पडला नाही. त्यानंतर मला मोकळीक मिळाली. मी प्रत्येक पोर्टचे काउंटर शून्यावर आणले आणि रात्री बसून पाहत राहिलो. ब्रोकेडच्या पोर्टस्टॅट्सशो या कमांडमध्ये ‘टाइम टीएक्स क्रेडिट झीरो’ असा काउंटर असतो. तो अडीच मायक्रोसेकंदांच्या टप्प्याने वाढतो, म्हणजे पोर्ट पूर्ण सेकंदभर क्रेडिटविना अडकला तर ४ लाखांची भर पडते. बॅकअप सुरू झाला आणि जुन्या ८ जी एचबीएच्या (फायबर चॅनलला जोडणाऱ्या कार्डाच्या) एका बॅकअप सर्व्हरच्या पोर्टवर हा आकडा झरझर चढू लागला. त्याच्या मागोमाग आयएसएलवरही. डेटाबेसचा त्या सर्व्हरशी काडीचा संबंध नव्हता, फक्त आयएसएल सामायिक होती. एचबीए बदलली, दुसऱ्या रात्रीपासून तक्रार बंद. लिंकच्या वापराचा आलेख पाहणाऱ्याला हे कधीच सापडले नसते, कारण अडकलेली लिंक रिकामी दिसते.

स्विच घेताना ‘दिसते का’ हे विचारा असे मी लिहिले ते याच अनुभवातून. वेग डेटाशीटच्या पहिल्या ओळीत असतो, तो कुणीही वाचू शकतो. क्रेडिट संपल्याची वेळ पोर्टनिहाय मिळते का, त्यावर अलर्ट लावता येतो का, सुस्त होस्टची रहदारी आपोआप बाजूला काढता येते का, इथरनेट असेल तर ईसीएनचे मार्किंग (कोंडीची आगाऊ खूण) आणि पॉझ फ्रेम रांगनिहाय मोजता येतात का, हे विचारावे लागते. विक्रेत्याला हे प्रश्न विचारून पाहा, म्हणजे माझी भाषा विक्रेत्यांची आहे का ते कळेल.

आणि वेगाचा आग्रह फायबर चॅनलमध्येही महागात पडतो. ६४ जीचा एसएफपी (पोर्टमध्ये बसणारा, केबल जोडायचा भाग) ६४, ३२ आणि १६ जीवर चालतो, ८ जीवर नाही. ‘सगळ्यात वेगवान घ्या’ म्हणून ६४ जीचे एसएफपी मागवले आणि कोपऱ्यात ८ जीची टेप लायब्ररी असली, तर तिच्यासाठी ३२ जीचे एसएफपी वेगळे मागवावे लागतात.

मी इथरनेटविरोधी आहे हा आपला ग्रहही काढून टाका. नवीन उभारणी असेल, एनव्हीएमई ओव्हर टीसीपीचा पक्का सपोर्ट असलेला अ‍ॅरे असेल आणि नेटवर्कची टीम ईसीएन समजून लावणारी असेल, तर मी स्वतः इथरनेट सुचवतो आणि सुचवलेही आहे. पण स्टोरेजसाठी स्विचची जोडी वेगळी ठेवा असा माझा हट्ट असतो आणि राहील. ऑफिसच्या फाइल कॉपीने डेटाबेसचा बफर खाऊ नये, एवढेच त्यामागचे कारण.

मक्तेदारी, ऑटोमेशन आणि केबल यांवर इथे लिहीत नाही. मक्तेदारी आहे, ऑटोमेशन दोन्हीकडे होते, आणि ओएम३ या प्रकारच्या फायबर केबलवर ३२ जी ७० मीटरपर्यंतच जाते हे मूळ लेखात आहे. आपण तिथवर वाचले नसावे.

तरीही चर्चा पुढे न्यायची असेल तर एक करा. आपल्या १०० जी स्विचवर सर्व्हरकडच्या पोर्टचे आउटपुट डिस्कार्ड (टाकून दिलेली पॅकेट) आणि पॉझ फ्रेमचे काउंटर बॅकअपच्या वेळेत, आधी आणि नंतर, असे घेऊन इथे टाका. ते शून्य आले तर आपला सेटअप कसा आहे ते मी मनापासून समजून घेईन आणि त्यावर लिहीनही. मात्र माझ्या कामाच्या प्रामाणिकपणावर पुन्हा शेरा मारलात, तर ती प्रतिक्रिया प्रसिद्ध होणार नाही.