किमान वेतन वाढलं तरी पगार न वाढवण्याची कला

सरकारला दुसरं काही कामच नाही. जानेवारीत एकदा, जुलैत पुन्हा एकदा, महागाईचा निर्देशांक बघायचा आणि किमान वेतनावरचा विशेष भत्ता वाढवून मोकळं व्हायचं. मग तुमच्यासारख्या सज्जन माणसांनी, म्हणजे कुणाचं छोटं हॉटेल, कुणाचं वर्कशॉप, कुणी नुसताच सोसायटीचा सेक्रेटरी, रात्रभर कॅल्क्युलेटर घेऊन बसायचं. पण घाबरू नका. २०२५ पर्यंत चाललेला जुना कायदा १९४८ चा होता, संविधानापेक्षा म्हातारा, आणि एवढी वर्षं आपल्या लोकांनी त्याला फारसा त्रास होऊ न देता दिवस काढलेत. तुम्हालाही जमेल.

सुरुवात चेहऱ्यापासून. चेहरा चिंतेत पाहिजे, पण चिंता स्वतःची नाही, त्या बिचाऱ्यांची. 'पगार वाढवायला माझी ना नाही हो, पण मग त्यांच्याच नोकऱ्या जातील' हे वाक्य पाठ करून ठेवा, कुठंही चालतं. बारावी कॉमर्सला इकॉनॉमिक्समध्ये पस्तीस पडले असले तरी हरकत नाही, कागदावर मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषा फुलीसारख्या काढता आल्या की तुम्ही तज्ज्ञ. फक्त तिथंच थांबायचं. कारण त्याच पुस्तकात पुढं असंही दिलेलं असतं की एखाद्या भागात काम देणारे मोजकेच असले आणि सगळ्यांनी मिळून रेट दाबून ठेवला असला, तर किमान वेतन वाढवल्यावर नोकऱ्या जातीलच असं नाही, उलट रिकाम्या जागा भरूही शकतात. पण ते पुढच्या धड्यात असतं, आणि आपण पुढच्या धड्यापर्यंत जायचं नसतं.

लग्नात वगैरे एखादा शिकलेला पुतण्या भेटेल आणि न्यू जर्सी काढेल. १९९२ ला तिथं किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात केलं नाही, मग डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर या दोघांनी दोन्हीकडची बर्गरची दुकानं तपासली आणि न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचं काही त्यांना दिसलं नाही. कार्ड यांना २०२१ ला नोबेलही मिळालं. यावर इतर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात, पण तुम्ही त्या भांडणात पडू नका, 'ते अमेरिकेत' एवढंच म्हणा आणि जिलेबी घ्या. (टॅक्स कमी करा म्हणताना मात्र अमेरिकेचंच उदाहरण द्यायचं, तेव्हा चालतं.)

देशी उदाहरण पाहिजे असेल तर आहेत की. १९८८ ला महाराष्ट्रात किमान मजुरी दुप्पट झाली, तिच्याशी बांधलेली रोजगार हमीची मजुरीही वाढली, आणि नंतर रोहयोच्या कामावरची हजेरी घटली. बघा, सिद्ध झालं! आता अभ्यासकांनी असं दाखवलं की मजूर नको म्हणत नव्हते, सरकारनेच कामं मोजून-मापून द्यायला सुरुवात केली होती, म्हणजे हमी कागदावर राहिली आणि हात आखडता घेतला तो तिजोरीने. हे खरं नुकसान होतं आणि ते गरिबालाच झालं, हे मीही मान्य करतो. पण तुम्ही अर्धीच गोष्ट सांगा. केरळचीही अर्धीच सांगा: बिडी कामगारांचा १९६६ चा कायदा लागू करायची वेळ आली तेव्हा मंगळूरच्या मोठ्या बिडीवाल्यांनी कण्णूरकडचे कारखाने बंद केले आणि हजारो लोक रस्त्यावर आले. इथं खोल श्वास घ्या आणि विषय बदला. नाहीतर पुढं सांगावं लागतं की त्याच कामगारांनी १९६९ ला सरकारच्या मदतीने दिनेश बिडी ही सहकारी संस्था काढली आणि कायद्याप्रमाणे सगळं देऊन ती पुढं कित्येक वर्षं व्यवस्थित चालवून दाखवली.

आता महागाई. हा मुद्दा नाजूक आहे, नीट ऐका. केंद्राचा महागाई भत्ता वाढला की पेपरात काय येतं? बाजारात चैतन्य, दिवाळी गोड, गाड्यांचं बुकिंग वाढणार. वॉचमनचा विशेष भत्ता वाढला की काय येतं? महागाई भडकणार. दोन्ही भत्ते महागाईच्या निर्देशांकावरूनच काढलेले असतात, पण पहिल्याचे पैसे खर्च होतात तेव्हा ती मागणी असते आणि दुसऱ्याचे पैसे खर्च होतात तेव्हा ती चलनवाढ असते. तुमच्याच घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर दोन्ही मतं एकाच सोफ्यावर बसून मांडता येतात, थोडी प्रॅक्टिस लागते इतकंच. आणि कुणी हिशोब विचारला तर देऊ नका, कारण हिशोब फार लाजिरवाणा येतो. धरा १२० फ्लॅटची सोसायटी आहे, चार वॉचमन आहेत, प्रत्येकाचा पगार ३,००० ने वाढवला. झाले १२,०००. फ्लॅटमागे महिन्याला १०० रुपये. मल्टिप्लेक्समध्ये १०० रुपयांत पॉपकॉर्नचा फक्त वास मिळतो. म्हणून मीटिंगमध्ये आकडा नेहमी वर्षाचा आणि एकूण सांगायचा, 'एक लाख चव्वेचाळीस हजारांचा बोजा!' बोजा हा शब्द विसरू नका. जिमच्या नव्या ट्रेडमिलला बोजा म्हणत नाहीत, तिथं 'अॅमेनिटी' म्हणतात.

कुणी पोटाची भाषा काढली तर आकडेवारी तयार ठेवा. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेत ठरलं होतं की किमान वेतन काढताना माणसाला रोज २७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, सरपण-दिवाबत्ती वगैरे धरायचं, आणि चार माणसांच्या कुटुंबाचे तीन युनिट मोजायचे, म्हणजे नवरा एक, बायको पॉइंट आठ, पोरं पॉइंट सहा पॉइंट सहा. (बायको पॉइंट आठ कशी, हे घरी विचारू नका.) नंतर सुप्रीम कोर्टाने पोरांचं शिक्षण, औषधपाणी वगैरेसाठी २५ टक्के आणखी धरायला सांगितलं. आता गंमत बघा, हाच हिशोब मांडून सातव्या वेतन आयोगाने शिपायाचं मूळ वेतन महिना १८,००० काढलं, २०१६ पासून. आणि २०१७ ला केंद्राने देशभरासाठी किमान वेतनाची जी तळरेषा सुचवली ती होती दिवसाला १७६ रुपये. सव्वीस दिवसांचे होतात ४,५७६. पुढं २०१९ ला एका तज्ज्ञ समितीने ती ३७५ करा म्हणून सांगितलं, सरकारने नीट विचार करून १७८ केली. दोन रुपये वाढले राव! तेव्हा कुणी म्हणालं की सरकार मालकांचं ऐकत नाही, तर तोंडावर हे १७८ फेका.

आता खरं प्रॅक्टिकल ज्ञान. किमान वेतनावर सगळ्यात जुना उपाय म्हणजे पगार तसाच ठेवून तास वाढवणं. किमान वेतनाचा दर ८ तासांचा आणि २६ दिवसांचा असतो, म्हणजे २०८ तास. तुमचा वॉचमन करतो १२ तास, ३० दिवस, म्हणजे ३६०. वरचे १५२ तास कायद्याप्रमाणे ओव्हरटाइमच्या डबल रेटने धरले तर ५१२ तासांचे पैसे होतात, म्हणून ते धरायचेच नाहीत. ओव्हरटाइम न म्हणता 'ड्युटी' म्हणा. शिवाय मध्ये एक एजन्सी ठेवा. कमी पैसे एजन्सी देते, तुम्ही फक्त सगळ्यात कमी कोटेशन पास करता, आणि किमान वेतनापेक्षा कमी कोटेशनमध्ये तिला किमान वेतन देणं कसं परवडतं असा प्रश्न कधीही कुणाला पडू द्यायचा नाही. एजन्सी हुशार असेल तर पूर्ण पगार बँकेत टाकते, स्लिपही छापते, आणि सात तारखेला सुपरवायझर एटीएमच्या बाहेर उभा राहून वरचे परत घेतो. शिवाय युनिफॉर्मचे कापा, बुटाचे कापा. दहा वर्षांचा अनुभव असलेल्या आचाऱ्याला रजिस्टरमध्ये 'अकुशल' लिहा, जेवताना त्याच्या हाताची तारीफ करायला कुणी अडवलेलं नाही. माणसं १९ झाली की विसावा नव्या फर्मच्या नावावर घ्या, कारण वीस झाले की पीएफवाले येतात, बायकोच्या नावाने फर्म काढणं त्यापेक्षा सोपं.

आणि नाती जपा. वॉचमन नाही, 'मामा'. कामवाली नाही, 'मावशी'. मामाला दिवाळीत सोनपापडीचा बॉक्स द्यावा (तोच, जो तुम्हाला तिसऱ्या मजल्यावरून आला होता), मावशीला जुनी साडी द्यावी. पेस्लिप मागणारी मावशी अजून कुणी पाहिलेली नाही.

इतकं सगळं केल्यावर मग खुशाल चर्चेत बसा आणि विचारा, 'किमान वेतन वाढवून अर्थव्यवस्थेवर काय परिणाम झाला?' कुणालाही पक्कं उत्तर देता येणार नाही, कारण परिणाम दिसायला आधी ती वाढ कुणाच्या तरी हातात पडावी लागते. डाव्यांना वाटतं फायदा झाला, उजव्यांना वाटतं नुकसान झालं, आणि तुम्हाला माहीत असतं की काही झालंच नाही.

कायद्याची भीती वाटते? १९४८ च्या कायद्यात कमी पगार दिला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड असं होतं. पाचशे! नो पार्किंगमधून उचललेली गाडी सोडवायला याहून जास्त लागतात. नोव्हेंबर २०२५ पासून नवीन वेतन संहिता आलीय, त्यात दंड ५०,००० पर्यंत गेलाय हे खरं, पण सोबत निरीक्षकाचा आता 'निरीक्षक तथा सुविधाकार' झालाय आणि पहिल्या वेळी खटला भरण्याआधी तो तुम्हाला सुधारायची संधी देणार आहे. संधी मिळाली की सुधारा, म्हणजे त्या महिन्यापुरतं. हां, एक गोष्ट सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका: दिल्लीत आशियाडची स्टेडियमं बांधणाऱ्या मजुरांच्या केसमध्ये १९८२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत कुणाकडून काम करून घेणं म्हणजे वेठबिगारीच, संविधानाच्या कलम २३ चा भंग. उगाच सकाळी सकाळी गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये असलं काही आलं की लोकांचा मूड जातो.

एवढं करूनही मामा एक दिवस म्हणेल की शेजारच्या टॉवरमध्ये दोन हजार जास्त देतायत, येतो मी. जाऊ द्या. दोन महिने गेट रिकामं ठेवा, रात्री आळीपाळीने स्वतः खाली बसा, भेटेल त्याला सांगा की हल्ली कामाला माणसंच मिळत नाहीत, सगळ्यांना फुकटचं पाहिजे. मग जाहिरात द्या: वॉचमन पाहिजे, निर्व्यसनी, प्रामाणिक, इंग्रजी वाचता येणारा, १२ तास ड्युटी. पगाराच्या जागी लिहा 'योग्यतेनुसार'.