माळवं न खाणाऱ्या मर्दांसाठी चार सूचना

कोल्हापुरात जन्माला आलात, किंवा निदान इथली सोयरीक जोडलीत, की भाजी न खाण्याचा अधिकार आपोआप मिळतो. तो वापरायचा कसा, हे मात्र कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. या विषयातले एक जाणकार नुकतेच आमच्या घरी मुक्कामाला होते. आमच्या ह्यांचे मावसभाऊ, म्हणजे माझे भाऊजी. त्यांच्याकडून जे शिकले ते नवशिक्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहून ठेवते.

सगळ्यात आधी जाहीर करा. पाणी प्यायच्या आधी, जमलं तर चपला काढता काढता. "वहिनी, आपण माळवं खात नाही हां." आवाज असा लावायचा की ऐकणाऱ्याला वाटावं गडी पदवी सांगतोय. पाच वर्षांच्या पोरानं 'भाजी नको' म्हटलं तर धपाटा मिळतो. पंचेचाळिशीच्या माणसानं म्हटलं की सगळे कौतुकानं हसतात. ते हसणं संपायच्या आत स्वयंपाकघरातल्या बाईला कळलेलं असतं की आता दोन दिवस दोन-दोन स्वयंपाक.

बटाटा चालतो. बटाट्याला भाजीत धरत नाहीत.

मिसळही चालते. मटकी कुठून येते याचा विचार कटाची तर्री बघत करू नये.

कुणी आहाराबद्दल बोलायला लागलं तर तालमीचा दाखला द्या. शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबागेचं कुस्ती मैदान उभं केलं तेव्हापासून कोल्हापूरच्या खुराकाची चर्चा आहे, त्यामुळे कुणी तोंड वर काढत नाही. गंगावेशीतला पैलवान पहाटे उठतो, जोर मारतो, बैठका काढतो, आखाड्याची माती उकरतो, जोडीदाराच्या अंगावर पडतो आणि मग कुठं त्याला थंडाई, दूध, तूप आणि मटण मिळतं. आपण यातलं फक्त शेवटचं घ्यायचं. बाकीचं वाचवायचं. थंडाईत बदामाबरोबर बडीशेप आणि खसखस असते, ती झाडाला लागते, म्हणून तीही नको.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसानं दिवसाला निदान 400 ग्रॅम फळं-भाज्या खाव्यात म्हणते. तुम्ही 400 चा आकडा तेवढा ठेवा आणि खाटकाला सांगा. मटणात चोथा नावालाही नसतो, पण त्याची काळजी दुसऱ्यांनी करायची असते: सकाळी बाथरूमच्या बंद दाराबाहेर टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या घरच्यांनी. रात्री झोपताना गुपचूप कोमट पाण्यातून इसबगोल घ्या. ते एका रोपाच्या बियांचं साल असतं, पण त्याला कुणी 'इसबगोलची भाजी' म्हणत नाही तोवर तुमच्या व्रताला धक्का नाही.

पायाचा अंगठा एका रात्रीत लाल होऊन ठणकायला लागला तर नव्या बुटाला बोल लावा. कलेजी-गुर्द्याचं नाव निघू देऊ नका.

वर्षाचं कॅलेंडर पाठ हवं. धुळवड, गावची म्हाई म्हणजे जत्रा, कुणाचं जावळ, खंडेनवमी, संक्रांतीनंतरची कर, 31 डिसेंबर. आषाढात पंचगंगेचं नवं पाणी पी-ढबाक वाद्यांच्या तालावर त्र्यंबोली देवीच्या टेकडीवर जातं तेव्हा तर शहरभर चुली पेटलेल्या असतात. मग गटारी. मग श्रावण, म्हणजे पनीरचा महिना. पनीर हे मटणाचं दुःख विसरण्यासाठी खायचं असतं, चवीसाठी नव्हे.

दरवाढ झाली तर मात्र गप्प बसू नका. 2019 च्या अखेरीस मटण महागलं तेव्हा कोल्हापूर काय पेटलं होतं! बैठका काय, आंदोलनं काय, कृती समिती काय. अभिमान वाटावा असेच दिवस. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला होता, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, मंडईत माळवं दिसेना झालं. त्याची समिती झाल्याचं माझ्या तरी कानावर नाही. बायकांनी डाळकांदा केला, पिठलं केलं आणि विषय मिटवला.

आता मुख्य मुद्दा. रश्शात काय असतं याची चौकशी कधीही करू नका. अजिबात नको. कारण ज्या तांबड्याच्या जिवावर तुम्ही पुण्या-मुंबईच्या मित्रांसमोर कॉलर ताठ करता, त्यात मटण शिजवलेलं आळणी पाणी सोडलं तर सगळं मळ्यातून, बागेतून नाहीतर किराणा दुकानातून आलेलं असतं. कांदा, सुकं खोबरं, आलं, लसूण, कोथिंबीर, तीळ, खसखस, धणे. आणि मिरची. ही मिरची पोर्तुगीज जहाजांतून आली, त्याआधी या देशात कुणी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. पोर्तुगीज वाट चुकले असते तर तुम्हाला सगळा मर्दपणा काळ्या मिऱ्यावर भागवावा लागला असता.

आणि ही मिरची बरणीत आपली आपण जाऊन बसत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात ती गच्चीवर पसरायची. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला, संकेश्वरी दोन्हीला. मग बसून एकेक देठ खुडायचं. देठं खुडून झाली की हात असे जळतात की थंड दुधात बुडवून बसावं लागतं, डोळ्याला बोट लावायची सोय नसते, लहान लेकरू असेल तर ते दुसऱ्याच्या कडेवर द्यावं लागतं. कांदा कापून वाळवायचा, तळायचा. खोबरं भाजायचं, खडा मसाला भाजायचा, सगळं डब्यात भरून चटणी कांडायच्या डंकावर नंबर लावायचा, तिथल्या खकाण्यात शिंकत उभं राहायचं. घरी येऊन चटणी बरणीत दाबून भरायची, मध्ये मध्ये हिंगाचे खडे ठेवायचे, म्हणजे वर्षभर कीड लागत नाही. त्या चटणीतला एक डाव म्हणजे तुमचा तांबडा. हे सगळं माळव्यातच मोडतं भाऊजी, पण तुम्ही ऐकलं नाही असं समजा.

पाहुणे म्हणून जाल तेव्हा शनिवारी जा. ही सूचना थेट अनुभवातून आलेली आहे. आमच्यात शनिवारी मटण करत नाहीत, मारुतीचा वार. भाऊजींना हे लहानपणापासून माहीत आहे, मावशी त्यांची सख्खी आहे. तरी ते शनिवारी संध्याकाळी आले, बरोबर ऑफिसातले दोन मित्र घेऊन. त्यांना म्हणे खरं कोल्हापूर दाखवायचं होतं. मी वरण्याची भाजी केली होती, मेथीची सुकी भाजी, ज्वारीच्या भाकऱ्या, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि दही. भाऊजींनी झाकण उचललं, आत बघितलं आणि परत ठेवलं. "वहिनी, कोल्हापुरात येऊन माळवं खाऊ व्हय?" नोकरीला पुण्यात गेल्यापासून त्यांची बोली जास्तच कोल्हापुरी झालीय. मित्र हसले. हे पण हसले. आणि सगळे गाडी काढून खाणावळीत गेले. अकरा वाजता परत आले आणि आल्या आल्या 'थोडा दहीभात मिळेल का' म्हणाले, कारण तिखट जरा जास्तच झालं होतं.

रविवारी सकाळी पुरुषमंडळी मटण आणायला गेली. मटण आणणं हे फार मोठं काम असतं, ते कमी लेखू नका. रांगेत उभं राहायचं, पुठ्ठ्याचं घ्यायचं की छातीचं यावर खाटकाशी वाद घालायचा, नळ्या मोजून घ्यायच्या, वाटेत मिसळ खायची आणि घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवत 'काम फत्ते' म्हणायचं. त्यानंतरचं किरकोळ असतं. मटण धुणं, हळद-मीठ-आलं-लसूण लावून ठेवणं, आळणी शिजवणं, दोन वेगळी वाटणं, सुकं एकीकडे, तांबडा एकीकडे. पांढऱ्याला नारळ खोवून दूध काढायचं आणि ते घातल्यावर आच मंद ठेवून सारखं ढवळत उभं राहायचं, कारण एक जोरदार उकळी आली की पांढरा फुटतो आणि मग त्याला कुणी वाली नसतो. त्याच वेळी तव्यावर भाकरी फुगत असते. त्याच वेळी बाहेरून हाक येते, "वहिनी, कांदा जरा बारीक चिरा हां." सासूबाईंच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय, त्या खुर्चीवर बसून लसूण सोलत होत्या. जाऊबाई लिंबं कापत होत्या. बाहेरच्या चार मर्दांपैकी एकाचाही हात कुठल्या भाजीला, कांद्याला, भांड्याला लागला नाही. आपल्या तत्त्वांना इतकं जपणारी माणसं मी आजवर बघितली नव्हती.

जेवताना भाऊजींनी तांबड्यावरची कोथिंबीर चमच्यानं उचलून ताटाच्या कडेला लावली. एकेक पान. मोबाइलवर ताटाचा फोटो काढायच्या आधी तो कडेचा हिरवा ढीग बोटानं वाटीमागं सरकवला, म्हणजे फोटोत येऊ नये. मग नळी घेतली. ताटावर ठोकून मगज काढला. पुन्हा दुसरी घेतली. मित्रांनी पांढऱ्याच्या वाट्यांवर वाट्या रिचवल्या आणि शेवटी भाऊजींनी हात धुताना निकाल दिला: "मस्त झालं वहिनी. पांढरा थोडा पातळ वाटला."

पातळ वाटला, कारण मी त्यात दोनदा पाणी घातलं होतं. कारण तुम्ही दोनदा मित्रांना म्हणालात, 'घे रे, आपल्या घरी अनलिमिटेड असतं.'

अडीच वाजता आम्ही बायका जेवायला बसलो. पातेल्यात चमचाभर सुकं, तांबड्याचा तळ आणि दोन हाडं उरली होती, तीही चोखलेली वाटावीत अशी. सासूबाईंनी फ्रिज उघडून आदल्या रात्रीची मेथी काढली, वरणा गरम केला आणि आम्ही तिघींनी भाकरीबरोबर खाल्ला. चांगला लागला. मला मटण आवडतं. हे कुणी कधी विचारलं नाही म्हणून सांगते. नळी तर मला लहानपणापासून आवडते, माहेरी वडील मला काढून ठेवायचे.

तर पुढची सूचना अशी की जेवणानंतर झोपा.

त्याच्या पुढची अशी की सोमवारी माझ्या चौथीतल्या पोरानं डब्यातली गवार जशीच्या तशी परत आणली. मी विचारलं, का रे? तर म्हणाला, "काका म्हणाले मर्द माळवं खात नाहीत."

आता बस्स झालं. सूचना संपल्या.

भाऊजी, तुम्ही पंचेचाळीस वर्षांचे आहात. तुम्हाला दोन पोरी आहेत. तुमच्या रक्तात साखर निघाली आहे, हे तुमच्या बायकोनं मला फोनवर सांगितलं, रडत सांगितलं, आणि 'ह्यांना बोलू नका' असंही सांगितलं, म्हणून मी दोन दिवस गप्प होते. डॉक्टरांनी पालेभाजी खा म्हणून लिहून दिलंय. ती बिचारी पालक वाटून कणकेत घालते, दुधी किसून थालीपिठात लपवते आणि तुम्ही ताटावर बसून 'यात काय घातलंस?' म्हणून तुकडा उजेडात धरून बघता. घरात दुसरं काही बघत नाही तुम्ही. पोरींची फी भरायची तारीख कुठली, ते तिला माहीत. गॅस संपलाय का, ते तिला माहीत. तुम्हाला पिठात पालक बरोबर दिसतो!

लाज वाटत नाही का हो? आवडत नाही एखादी भाजी, ठीक आहे, मलाही शेपू आवडत नाही, मी गिळते आणि पुढं जाते. तुम्ही त्याचा झेंडा करून मिरवता. आणि तो झेंडा धरून उभं राहायला रोज एक बाई लागते, जी तुमच्यासाठी वेगळं अंडं उकडते, वेगळा रस्सा करते आणि तुमची नको असलेली भाजी दुसऱ्या दिवशी स्वतः संपवते. तुमच्या आईनं केलं, आता बायको करते, सुट्टीला आलात की मी करायचं. पोटात तुमच्या जातं मटण आणि शिळं जातं आमच्या. वर माझ्या पोराला मर्दपणाचे धडे! त्याला मी अजून चार वेळा गवार देणार आहे आणि तो खाणार आहे. तुमच्यामुळं त्यातल्या दोन वेळा मार खाऊन खाईल, तेवढं पाप तुमच्या माथ्यावर.

यायचं तर जरूर या, घर तुमचंच आहे. पण बुधवारी नाहीतर रविवारी या, आणि मित्रांना आणायचं असेल तर आधी फोन करा. येताना कपिलतीर्थ मार्केटातून मेथीच्या चार पेंड्या घ्या. मित्रांसकट खाली बसा, मुळं कापा, पानं खुडा, माती जाईपर्यंत तीनदा पाण्यातून काढा. लसूण सोला. कांदा हवा तेवढा बारीक स्वतः चिरा. नारळ मी फोडून देईन, खोवायचा तुम्ही. पांढऱ्यापाशी तुम्हीच उभे राहा, फुटला तर फुटलेला खा. आधी सासूबाई, जाऊबाई, पोरं आणि मी जेवणार. मग तुम्ही बसा, तुमच्या पानात मेथी वाढलेली असेल आणि ती संपल्याशिवाय रश्शाची वाटी मिळणार नाही.

आणि नळ्या दोन्ही माझ्या.