फुकट सुया वाटल्याने नशा वाढते म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यात लिहिलंय की नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांना फुकट सुया देणं म्हणजे नशेला खतपाणी घालणं, सुया बंद करा नशा आपोआप बंद होईल, सुई गरम पाण्याने धुतली की काही होत नाही, वाटलेल्या सुया रस्त्यावर पडून लहान पोरांना टोचतात, आणि शेवटी काय तर हे लोक स्वतःच्या करणीने मरतायत, मरू देत. लोक न वाचताच पुढे ढकलतायत आणि मला याचा खरंच राग येतो, कारण असल्या समजुतींपायी माणसं गेलीत.

सुया बंद म्हणजे नशा बंद, हे करून झालंय. १९८० च्या दशकात स्कॉटलंडमधल्या एडिनबरात कडक धोरण घेतलं, सिरिंज मिळणं मुश्किल केलं. नशा थांबली नाहीच, उलट एकच सुई पाच-दहा जणांत फिरायला लागली आणि १९८६ मध्ये तिथल्या एका दवाखान्यातल्या इंजेक्शन घेणाऱ्या पेशंटचे रिपोर्ट छापून आले तर त्यातले निम्मे एचआयव्ही पॉझिटिव्ह. अमेरिकेत इंडियानातल्या स्कॉट काउंटीतही तेच झालं, सुया वाटायला बंदी होती, आणि २०१५ मध्ये जेमतेम चार हजार वस्तीच्या एका गावाच्या आसपास १८० च्या वर लोकांना लागण झाली, मग आणीबाणी जाहीर करून सुया वाटायची परवानगी द्यावी लागली.

खतपाण्याचं म्हणाल तर अमेरिकेतल्याच सिएटल शहरात याचा अभ्यास झालाय. सुया घ्यायला नव्याने यायला लागलेल्या लोकांची, कधीच न आलेल्यांच्या तुलनेत नशामुक्तीच्या उपचाराला लागण्याची शक्यता पाचपट निघाली. कारण सुई देणारा माणूस नुसती सुई देत नाही, तो हातावरचा फोड बघतो, टेस्ट करून घे म्हणतो, मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे नशेची ओढ कमी करणारी औषधं, कुठे मिळतील ते सांगतो.

आता धुण्याचं, आणि मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे. सुई शिरेत गेली का बघायला सिरिंजचा दट्ट्या जरा मागे ओढतात तेव्हा रक्त आत येतं, आणि दट्ट्या पूर्ण दाबला तरी सुईच्या बुडाशी थेंबभर राहतंच. लॅबमध्ये हिपॅटायटिस सी चा, म्हणजे लिव्हर खराब करणाऱ्या आजाराचा व्हायरस सुई वेगळी निघते अशा सिरिंजमध्ये ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडलाय. पाण्याने धुवून तो जाईल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. शिवाय नुसती सुई नाही, पावडर विरघळवायचा चमचा, गाळायचा कापूस, पाणी, यातलं काहीही दुसऱ्याबरोबर वाटून घेतलं तरी लागण होऊ शकते. आणि सुई एकट्याचीच असली तरी कातडीवरचे बॅक्टेरिया आत जातातच, त्यातून गळू होतं, कधी थेट हृदयाच्या झडपेला इन्फेक्शन होतं. म्हणून दरवेळी नवी सुई, टोचायच्या आधी हात धुवून ती जागा स्पिरिटने पुसायची, सुई जिभेला लावायची नाही. लालसर सूज आणि त्यासोबत थंडीताप असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, पोलिसांच्या भीतीने घरी बसून राहायचं नाही.

रस्त्यावरच्या सुयांचं थोडक्यात सांगतो. मायामीत सुया बदलून द्यायची सोय नव्हती तेव्हा त्या शहराची तुलना सॅन फ्रान्सिस्कोशी केली, जिथे ती सोय होती. उघड्यावर पडलेल्या सिरिंज मायामीत आठपट सापडल्या, कारण वापरलेली सुई परत द्यायला जागाच नव्हती.

राहिलं मरू देत. ज्याच्याबद्दल हे लिहिताय त्याला बायको असते, पोटातलं बाळ असतं, एचआयव्ही त्यांच्यापर्यंतही पोचतो. आणि हिपॅटायटिस सी आता ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त लोकांचा पूर्ण बरा होतो. इंजेक्शनं चालू असतानाही हे उपचार देता येतात, आधी नशा सोड मग गोळ्या देतो अशी अट घालायची काहीच गरज नसते.